भरतीच्या वेळची जागा

मुंबई आणि नवी मुंबईच्या मधे दिवसातून दोनदा एक प्रदेश पाण्याबाहेर येतो आणि दोनदा पाण्याखाली जातो. ओहोटी लागली की ठाणे खाडीच्या दोन्ही काठांना, इकडे शिवडी-माहुलपासून भांडुपपर्यंत आणि पलीकडे ऐरोलीपासून नेरूळपर्यंत, तिवरांच्या पुढे चिखलाचे पट्टे उघडे पडू लागतात. लांबून तो चिखल करडा आणि मेलेला दिसतो. वाशीच्या खाडीपुलावरून लोकलने जाणाऱ्याला तो दिसण्याआधी त्याचा वास येतो. पण उन्हात, अगदी जवळून, त्याच्यावर सोनेरी-तपकिरी रंगाची पातळ साय धरलेली दिसते. ती डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांची. त्या सायीखाली बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर कृमी, त्याखाली शिंपल्या, त्याहून खाली बिळे करून राहिलेले लांबट जीव. या मजल्यांप्रमाणेच पक्ष्यांच्या चोची ठरलेल्या आहेत. चिमणीएवढा टिलवा वरचेवर टिपत जातो. चिखल्या चार पावले धावतो, थबकतो, नजरेने हेरतो आणि मगच वाकतो. मालगुजा आपली लांब सरळ चोच मुळापर्यंत रुतवतो. उचाट्या वर वळलेली चोच विळ्यासारखी डावीउजवीकडे फिरवत जातो. फ्लेमिंगो तर डोके पूर्ण उलटे करून खातो. वरची चोच खाली, खालची वर. जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होते, चोचीच्या कडेला असलेल्या केसांसारख्या गाळणीतून पाणी बाहेर पडते आणि शैवाल आत राहते. एका चिखलावर इतक्या जणांची पंगत बसते आणि कुणी कुणाचे पान ओढत नाही, कारण प्रत्येकाचे अन्न वेगळ्या खोलीवर वाढलेले असते.

आणि मग पाणी चढू लागते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण साडेबारा तास जातात आणि त्यातले काही तास हा सगळा चिखल पाण्याखाली असतो. भांगाच्या दिवसांत थोडाफार काठ उरतो. उधाणाला, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, वीतभरही उरत नाही. टिलव्याचा पाय जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचा. बदकासारखे लाटांवर तरंगत विसावणे या लहान पक्ष्यांना जमत नाही, फांदी पकडून बसणे त्यांच्या पायांच्या रचनेत नाही. फ्लेमिंगोचे पाय लांब, तरी पाणी पोटाला लागू लागले की तोही उठतो. मग भरतीच्या वेळी हे हजारो पक्षी जातात कुठे? ते काठालगतच्या उथळ तळ्यांत, मिठागरांत, खाजणांत, बांधाआडच्या उघड्या दलदलीत जातात आणि वाऱ्याकडे तोंड करून, बहुतेक एका पायावर, पाणी उतरण्याची वाट पाहतात. त्यांचे घर दोन ठिकाणी विभागलेले आहे. ओहोटीचे घर खाडीत आणि भरतीचे घर शहराच्या अंगणात. खाडीविषयी आपल्याकडे बरेच लिहिले-बोलले जाते, पण भरतीच्या वेळी कुठे, हा प्रश्न क्वचित विचारला जातो. माझ्या मते खाडीच्या संवर्धनाचे यशापयश याच प्रश्नावर अवलंबून आहे. ओहोटीचे घर आपण कायद्याने राखले आणि भरतीचे घर विकाऊ ठेवले.

राखले हे खरे आहे आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या वनविभागाने २०१२ मध्ये कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष स्थापन केला. २०१५ मध्ये खाडीचा १६९० हेक्टरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड राज्यभर रोखणारा निकाल दिला आणि तिवरे नष्ट करणे म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला घालणे, असे मानले. २०२२ मध्ये ठाणे खाडी पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतरचे हे राज्यातले तिसरे रामसर स्थळ, ६५२१ हेक्टरचे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग या भागातून जाताना सुमारे सात किलोमीटर खाडीच्या तळाखालच्या बोगद्यातून नेण्याचे ठरले. एखादी जागा मौल्यवान आहे असे एकदा मनाशी ठरले की नकाशा बदलतो, अभियंते वाट काढतात, खर्चही मान्य होतो. म्हणूनच ज्या जागांबद्दल तसे ठरलेले नाही त्यांच्याकडे पाहावे लागते. अभयारण्याची हद्द बहुतांश तिवरे आणि खाडीचे पात्र यांना धरून आहे. नेरूळची तळी, उरणची खाजणे, काठावरची मिठागरे या रेषेबाहेर पडली. पक्ष्यांच्या दृष्टीने ही रेष जेवणघराच्या भोवती कुंपण घालून झोपण्याची खोली भाड्याला लावल्यासारखी आहे.

दोन्ही जागा एकाच वस्तीचे भाग आहेत हे आता कुणाचे मत राहिलेले नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी खाडीतल्या पक्ष्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला आहे. २०२२ मध्ये त्यांनी सहा फ्लेमिंगोंच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली. त्यांतल्या एकाचे नाव हुमायून, पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्यावरून. पावसाळ्यात हे पक्षी गुजरातकडे जातात, हे त्या यंत्रांनी दाखवले, पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती रोजची ये-जा. भरतीला नेरूळकडची तळी, ओहोटीला खाडी, पुन्हा भरतीला तळी. याच अभ्यासाच्या आधारे संस्थेने नेरूळमधील एनआरआय संकुलाजवळची आणि टी. एस. चाणक्यजवळची पाणथळ, उरणमधील पाणजे, बेलपाडा, भेंडखळ आणि पलीकडे भांडुप उदंचन केंद्राचा परिसर जपण्याची शिफारस केली. ही सगळी भरतीची घरे आहेत. यांतल्या काहींना नीट नावेही नाहीत. एकाला शेजारच्या इमारतींचे नाव, एकाला नौकानयन प्रशिक्षण संस्थेचे, एकाला सांडपाणी उपसणाऱ्या केंद्राचे. ज्या जागेला स्वतःचे नाव नसते तिला सातबाऱ्यावर आणि आराखड्यात रिकामी जमीन समजणे फार सोपे जाते.

नेरूळच्या डीपीएस तळ्याची गोष्ट या संदर्भात नीट समजून घ्यावी अशी आहे. तीस एकरांचे हे तळे. खाडीचे पाणी भरतीला आत यायचे, ओहोटीला बाहेर जायचे. जवळच्या जेट्टीच्या कामात ही वाट बुजली. तळ्यावर कुणी इमारत बांधली नाही, एक वीटही ठेवली नाही. फक्त पाण्याची ये-जा थांबली. २०२४ च्या उन्हाळ्यात तळे आटत गेले, उरलेले पाणी साचून कुजले आणि तिथे फ्लेमिंगो दगावले. नागरिकांनी आवाज उठवला, चौकशी झाली, पाण्याची वाट मोकळी करण्याचे प्रयत्न झाले आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हे तळे संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मंजुरी दिली. खाडीकाठच्या एखाद्या भरतीच्या घराला स्वतंत्रपणे संरक्षण देण्याचा हा निर्णय मला १६९० हेक्टरच्या अधिसूचनेइतकाच मोलाचा वाटतो. पण त्यातून निघणारा धडा क्षेत्रफळाचा नाही. पाणथळ मारायला तिच्यावर भराव टाकावा लागत नाही. तिची नळी दाबली तरी पुरते. उरणच्या पाणजे खाजणाबाबत, जे सुमारे २८९ हेक्टरांचे आहे, तक्रार हीच आहे की भरतीच्या पाण्याचे मार्ग अडवले गेले. जमीन सुकली की ती पाणथळ नव्हतीच, असे म्हणायला जागा होते. तिथून पुढे भराव ही औपचारिकता उरते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की पक्ष्यांना पंख आहेत. एक तळे गेले तर दुसरीकडे जातील. आक्षेप वाटतो तितका भाबडा नाही, कारण पक्षी खरोखरच जागा बदलताना दिसतात आणि एका वर्षी ओस पडलेले तळे दुसऱ्या वर्षी भरते. पण जिथे हा आक्षेप मोठ्या प्रमाणावर तपासला गेला अशी एक जागा आहे. दक्षिण कोरियातल्या सेमांगुम येथे ३३ किलोमीटर लांबीची समुद्रभिंत २००६ मध्ये पूर्ण झाली आणि दोन नद्यांच्या मुखाशी असलेले चिखलाचे विस्तीर्ण पट्टे भरतीपासून तुटले. तिथेही हेच सांगितले गेले होते, की पक्षी शेजारच्या खाडीत सरकतील. अभ्यासकांनी पुढची वर्षे सेमांगुममध्ये आणि शेजारच्या जागांवर मोजणी केली. ग्रेट नॉट नावाच्या किनारपक्ष्याची हजारोंची घट शेजारी कुठे वाढ होऊन भरून निघाली नाही. ते पक्षी ज्या ऑस्ट्रेलियात हिवाळा काढत तिथेही संख्या घसरली. शेजारच्या जागा आधीच भरलेल्या होत्या. कारण समजायला अवघड नाही. ज्या काठावर जास्त पक्ष्यांना जागा होती तिथे आधीच तेवढे पक्षी होते.

दुसरे असे, की भरतीचे घर कुठेही चालत नाही. ते चिखलाच्या जवळ हवे, उथळ हवे आणि उघडे हवे. पंचवीस-तीस ग्रॅमच्या टिलव्याला इथून सैबेरियाच्या टुंड्रापर्यंत जायचे असते. मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणून ओळखला जाणारा हा पट्टा तीस देशांवरून जातो. निघण्याआधीच्या आठवड्यांत, मार्च-एप्रिलमध्ये, किनारपक्षी अंगावर चरबी चढवतात. काही जातींत वजन दीडपटीच्या पुढे जाते. ही चरबी म्हणजे प्रवासाचे इंधन, आणि ती केवळ खाण्याने जमत नाही, न उडण्यानेही जमते. दिवसातून दोनदा पाच-दहा किलोमीटर अधिक उडावे लागले, दर भरतीला कुत्र्यांनी, ड्रोनने किंवा हौशी छायाचित्रकारांनी तीन-चार वेळा उठवले, तर ओहोटीत कमावलेले भरतीत खर्च होते. पक्षी मरून पडलेला दिसत नाही. तो फक्त हलका निघतो, आणि कझाकस्तानच्या वाटेवर कुठेतरी त्याचे गणित संपते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएनच्या लाल यादीत किनारपक्ष्यांच्या सोळा जातींची स्थिती पूर्वीपेक्षा बिकट असल्याची नोंद झाली. कर्ल्यू सँडपायपर, म्हणजे ठाणे खाडीत हिवाळा काढणारी बाकदार चोचीची तुतारी, त्यांतलीच एक. तिच्या घटीला एकटी नेरूळची तळी जबाबदार आहेत असे कुणी म्हणणार नाही. पण अशा लहान लहान तळ्यांचीच मिळून तिची वाट बनते.

कायद्याविषयी थोडे थांबून बोलायला हवे, कारण इथे एक पेच आहे जो तिवरांवर प्रेम करणाऱ्यांनाही अवघड जातो. आपल्याकडे झाड राखणे समजते, उघडा चिखल राखणे समजत नाही. तिवरांना न्यायालयाचे कवच मिळाले ते योग्यच झाले. मुंबईच्या किनाऱ्याची त्यांनी जी सोबत केली आहे ती मोठी आहे. पण खाडीत गाळ साचत गेला की चिखलाचा उथळ पट्टा उंच होतो, त्यावर तिवरे रुजतात आणि जिथे पक्षी चरत होते तिथे दाट झाडी उभी राहते. टिलव्याला झाडीत उतरता येत नाही. त्याला चारही बाजूंनी ससाणा दिसायला हवा. नवी मुंबईच्या होल्डिंग पाँडांतही, म्हणजे पावसाचे पाणी धरून ठेवणाऱ्या तळ्यांतही, हेच झाले आहे. हिरवा रंग वाढला म्हणजे निसर्ग वाढला, ही मोजपट्टी इथे चुकते. दुसरीकडे २०१७ च्या पाणथळ नियमांनी मिठागरे, मत्स्यपालनाची तळी, सिंचनाचे आणि पिण्याच्या पाण्याचे साठे यांना पाणथळीच्या व्याख्येतूनच वगळले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय नकाशावलीत नोंदलेल्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळींचे रक्षण करण्याचा आदेश दिला, आणि तरी मिठागर हे पाणथळ की जमीन, हा वाद प्रत्येक गावात नव्याने सुरू होतो. १९७१ च्या ज्या रामसर कराराचा फलक आपण अभिमानाने लावतो, त्याच्या व्याख्येत नैसर्गिक आणि कृत्रिम, कायम आणि हंगामी, गोडे आणि खारे असा भेद नाही. ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलेले समुद्राचे पाणीही त्यात येते.

या तळ्यांना माणसाने बनवलेली म्हणून नाकारणे हा दुसरा मोठा आक्षेप, आणि तो खास शहरी आहे. भरतपूरचे केवलादेव हे अठराव्या शतकात बांध घालून केलेले पाणी आहे. तिथे संस्थानिकांच्या शिकारी चालत. आज ते जागतिक वारसास्थळ आहे. आपले नांदूर मधमेश्वर गोदावरी-कादवेच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातलेल्या बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळाने जन्माला आले. गाळ साचणे हे धरणाच्या हिशेबात नुकसान आणि त्याच गाळात ही पाणथळ उभी राहिली. तीच गोष्ट आपल्या खाडीकाठची. आगरी समाजाचे नावच आगरावरून, मिठागरावरून आले असे सांगतात. या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या उघाड्या बसवून, खारे पाणी कुठे आत घ्यायचे आणि कुठे अडवायचे हे ठरवून खाजणे वापरली. भात, मीठ, जिताडा, निवटी ही सगळी त्याच व्यवस्थेची पिके. किनारपक्ष्यांनी या व्यवस्थेचा फायदा घेतला. मिठागराचे उथळ वाफे त्यांना भरतीच्या वेळी नेमके हवे तसे मिळाले. म्हणून मी या जागांना मानवनिर्मित म्हणताना त्यांची किंमत कमी करत नाही. ही माणसाची आणि भरतीची भागीदारी आहे आणि ती मोडली तर दोघांचेही नुकसान होते. पाणजेत पाणी अडले तेव्हा पक्ष्यांआधी मासळी गेली.

घरांच्या प्रश्नावरचा आक्षेप सगळ्यात जड आहे आणि त्याला झटकून टाकणारा माणूस मुंबईत राहत नाही असे समजावे. धारावीच्या पुनर्वसनासाठी कांजूर, भांडुप, मुलुंडच्या मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. दहा बाय दहाच्या खोलीत सहाजण राहत असताना टिलव्याच्या झोपेची काळजी करणे हा चैनीचा विषय नाही का? नवी मुंबईत हा प्रश्न आणखी एका बाजूने विचारला जातो. ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी गेल्या, १९८४ मध्ये याच जमिनींसाठीच्या जासईच्या लढ्यात पाच माणसांनी जीव गमावला, आणि आता उरलेल्या खाजणावर पक्ष्यांच्या नावाने बंधने येणार? मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, पाणथळी गरिबांच्या घरांसाठी जात आहेत हे दर वेळी खरे नसते. नेरूळच्या पाणथळींवर जे येऊ घातले होते ते गोल्फ कोर्स आणि निवासी संकुल होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते अडवले आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा भरतीची वेळ आणि पावसाची वेळ जुळली आणि पाण्याला जायला जागा उरली नाही. सखल मिठागरावर भराव घालून गरिबाला घर देणे म्हणजे शहरातले सर्वांत आधी बुडणारे ठिकाण त्याच्या नावावर करणे, आणि भरावाने उंचावलेल्या जागेचे पाणी शेजारच्या जुन्या चाळीत ढकलणे. घर हवेच. ते भरतीच्या वाटेत असू नये, एवढी काळजी गरिबाच्या घराबाबत जास्त घ्यायला हवी, कमी नाही. आणि खाजणाशी ज्यांचे पोट बांधलेले होते त्या गावांना उघाडी सांभाळण्याचे, मासळीचे, पक्षी दाखवण्याचे हक्क आणि उत्पन्न मिळाले तर बंधन हा शब्दच वेगळा ऐकू येईल.

विमानतळाचा आक्षेप नवा आहे आणि ऐकायला बिनतोड वाटतो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. नेरूळची तळी तिथून काही किलोमीटरवर आहेत. मे २०२४ मध्ये घाटकोपरवर मुंबईला उतरणाऱ्या एका विमानाला फ्लेमिंगोंचा थवा धडकला, किमान ३९ पक्षी पडले, विमान सुखरूप उतरले. मग पक्ष्यांना इथे थारा देणे म्हणजे प्रवाशांचा जीव धोक्यात घालणे नव्हे का? एका अपघातावरून कुठल्याच बाजूने नियम काढू नये, पण पक्ष्याच्या बाजूने विचार केला तर उत्तर उलटे निघते. चिखल तिथेच राहणार आहे. खाडी कुणी बुजवणार नाही. म्हणजे ओहोटीला पक्षी येणारच, आणि भरतीला त्यांना उघडी, सपाट, झाडे नसलेली, दूरवर दिसणारी जागा शोधावी लागणारच. तळी संपली तर खाडीच्या काठावर अशी सर्वांत मोठी जागा कोणती उरेल? धावपट्टी आणि तिच्या भोवतालचे गवत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पाणथळी राखण्याची शिफारस विमानतळाच्याच संदर्भात केली होती, ती याच कारणाने. ठरलेले घर असलेला पक्षी ठरलेल्या वाटेने उडतो. त्याच्या वेळा भरतीच्या वेळांना बांधलेल्या असतात आणि त्या वैमानिकाला आधी सांगता येतात. घर हरवलेला थवा रात्री-अपरात्री भटकतो, त्याचे वेळापत्रक कुणाकडे नसते. आणि विमानांची खरोखर चिंता असेल तर विमानतळाच्या दहा किलोमीटर परिघात कचरा टाकायला मनाई करणारा जुना नियम कसोशीने पाळावा. घारींची गर्दी होते ती कचऱ्यावर.

राहता राहिला फ्लेमिंगो. त्याच्याविषयी एक गोष्ट कबूल करायला हवी. मोठ्या संख्येने हे पक्षी १९९० च्या दशकात शिवडीला दिसू लागले आणि पुढे लाखाच्या घरात पोचले, यामागे शहराच्या सांडपाण्याचा हात आहे. सांडपाण्यातून येणाऱ्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शैवाल माजते आणि लहान फ्लेमिंगो शैवालावर जगतो. उद्या सगळे सांडपाणी शुद्ध होऊन खाडीत गेले, जे व्हायलाच हवे, तर कदाचित फ्लेमिंगो कमी होतील. यावरून काहीजण म्हणतात की ही गुलाबी गर्दी प्रदूषणाची खूण आहे, तिला कशाला जपायचे. मला यातून वेगळा निष्कर्ष दिसतो. फ्लेमिंगोची संख्या ही खाडीच्या आरोग्याची मोजपट्टी म्हणून वापरू नये. आपण रोहित म्हणतो, अग्निपंख म्हणतो, त्याच्या नावाने अभयारण्य करतो, चौकाचौकात त्याचे पुतळे उभारतो, कारण तो लांबून दिसतो. त्याच्या पायाशी वावरणारा टिलवा, तुतारी, मालगुजा, चिखल्या हे सगळे चिखलाच्याच रंगाचे आहेत आणि भरतीच्या घरावर त्यांचा जीव फ्लेमिंगोपेक्षा जास्त टांगलेला आहे. खाडी सुधारते आहे की नाही हे कळायला डिसेंबर-जानेवारीत, उधाणाच्या दिवशी, प्रत्येक तळ्यावर हे लहान पक्षी मोजावे लागतील, आणि ती मोजणी दर वर्षी त्याच तळ्यांवर व्हावी लागेल.

कुंपण आणि फलक लागल्यावर खरे काम सुरू होते, आणि ते फार साधे, म्हणून सहज विसरले जाणारे काम आहे. रस्त्याखालचा नळ किती व्यासाचा आहे, त्याची पातळी काय, त्यात गाळ किती, झडप गंजून बंद पडली आहे का. नवी मुंबईचा बराच भाग उधाणाच्या पातळीखाली आहे; म्हणूनच शहर आखताना भरतीला बंद होणाऱ्या झडपा आणि पावसाचे पाणी धरून ठेवणारे होल्डिंग पाँड ठेवले गेले. पावसाळ्यात त्यांनी पूर अडवायचा आणि हिवाळ्यात त्याच तळ्यांत घोट्याएवढे पाणी ठेवायचे, यात विरोध नाही. गाळ काढताना सगळे तळे एकाच वर्षी खोल केले तर किनारपक्ष्यांना उभे राहायला जागा उरत नाही. अर्धे या वर्षी, अर्धे पुढच्या वर्षी काढले तर दोन्ही कामे होतात. तळ्यात नव्याने रुजलेल्या तिवराच्या रोपांबाबत न्यायालयाकडून स्पष्ट परवानगी मागून, खाडीत तितकीच तिवरे राखून, हा पेचही सोडवता येतो. काठावर पुढचा रस्ता किंवा जेट्टी आखली जाईल तेव्हा तिच्या नकाशावर भरतीचे पाणी कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते हे बाणांनी दाखवलेले असावे आणि ते बाण पुसून मंजुरी मिळू नये.

आणि हे सांभाळायला लागणारे ज्ञान दुर्मीळ नाही. कोळी-आगरी घरांत भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नसे. तिथीची पाऊणपट केली की तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. आता भरती-ओहोटीचे कोष्टक वर्षभर आधी छापून येते, तारीख, वेळ आणि मीटरमध्ये उंची. त्याच कोष्टकात ऑक्टोबरपासून मेपर्यंत एक रकाना वाढवावा आणि त्यात प्रत्येक तळ्याची झडप कधी उघडली, कधी लावली, आत पाणी किती आले आणि कुणी पाहिले, एवढे चार शब्द रोज लिहिले जावेत.